ओळीमागें एक टांका

यंत्राशीं ज्याचा जन्मांत फारसा संबंध आला नाहीं, अशा शाळामास्तरानें विद्युद्यंत्रांविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. मॅट्रिकच्या पुढें माझें शिक्षण गेलें नाहीं. संस्कृत तेवढें वडिलांपाशीं बसून शिकलों आणि तेंच जन्मभर मुलांना शिकविलें. तथापि गेल्या चातुर्मासांत आमच्या घरीं जो प्रकार घडला, तो या सदरांतून सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यांत थोडें विज्ञान आहे, थोडी घरगुती हकीकत आहे, आणि शेवटीं प्रत्येक कुटुंबानें मनावर घ्यावी अशी एक सूचनाहि आहे.

आम्ही दोघे भाऊ एकत्र राहतों. लहानमोठीं मिळून घरांत अकरा माणसें. आषाढांत एके दिवशीं देवघरांतून उठतांना मुलांच्या आजीच्या हातून डाव्या बाजूची समई लवंडली. चार थेंब तेल सांडलें आणि वात विझली, एवढेंच झालें. परंतु “समई मला दिसलीच नाहीं” हे तिचे शब्द माझ्या मनांतून जाईनात. नेत्रवैद्यांकडे नेलें. मोतीबिंदू असेल, काढला कीं झालें, अशी माझी समजूत. त्यांनीं तपासून काचबिंदू असल्याचें सांगितलें. दोन्ही डोळ्यांत, आणि डाव्यांत बराच पुढें गेलेला. गेली तेवढी दृष्टि परत यावयाची नाहीं. उरली ती राखण्यासाठीं औषधाचे थेंब रोज, न चुकतां, घालावयाचे.

त्या रात्रीं माझा नातू माझ्या अंथरुणाशीं येऊन बसला. मुलगा नववींत आहे. म्हणाला, “आजोबा, हल्लीं मोबाइलमध्यें इतके बारीक कॅमेरे असतात. तसा एखादा आजीच्या डोळ्याच्या जागीं जोडतां येणार नाहीं का?”

“तें मला ठाऊक नाहीं, बाळ. पण कॅमेरा संगणकाला तरी कसा जोडतात, तें आपण आधीं पाहूं.” मला याहून शहाणें उत्तर सुचलें नाहीं.

त्याच्या वडिलांना हें पसंत नव्हतें. त्यांचें म्हणणें अगदींच गैर होतें असें नाहीं. बाजारांत तयार कॅमेरा मिळतो, त्याची तार संगणकांत खोंचली कीं पडद्यावर चित्र उमटतें. मग सुट्या तारा जोडीत मुलानें अभ्यासाचे दोन महिने कां दवडावे? मी म्हणालों, “आयती पोळी खाणाऱ्याला पीठ किती पाणी पितें तें कळत नाहीं. संध्याकाळचा एक तास माझ्या हवालीं करा. अभ्यास मागें पडला तर मला विचारा.” असो. परवानगी मिळाली.

आठ दिवसांनीं आंगठ्याएवढी एक पाटी घरीं आली. तिच्यावर भिंगाची लहानशी नळी, आणि कडेला अठरा टोकें. हा ऑम्निव्हिजन कंपनीचा ‘ओव्ही ७६७०’ नांवाचा प्रतिमाग्राहक. कांहीं शेकडा रुपयांत मिळतो, म्हणून हौशी लोकांत फार प्रचलित आहे. भिंगाच्या आड जो खरा डोळा आहे तो केवळ तिळाएवढा. त्याची लांबी अडीच मिलिमीटरांहूनहि कमी. तेवढ्या जागेंत ४८० ओळी, आणि दर ओळींत ६४० बिंदू, म्हणजे एकूण ३,०७,२०० बिंदू बसविलेले आहेत!

प्रत्येक बिंदू म्हणजे पावसांत मांडलेली एक वाटी समजा. सिलिकनवर प्रकाश पडला कीं विद्युत्कण सुटतात आणि वाटींत सांचतात. ठराविक वेळानें प्रत्येक वाटींतलें पाणी मोजावयाचें. जेथें अधिक भरलें तेथें उजेड, जेथें थोडें तेथें छाया. रंग ओळखण्याची शक्ति मात्र या वाट्यांत नाहीं. म्हणून त्यांच्यावर रंगीत गाळण्या बसवितात. दर चारांत दोन हिरव्या, एक तांबडी व एक निळी. ही युक्ति कोडॅक कंपनींतील ब्राइस बायर यांची. तिचें पेटंट त्यांना १९७६ सालीं मिळालें.

या विद्येचा इतिहासहि मनोरंजक आहे. प्रकाशाचें चित्र विद्युद्भाराच्या रूपानें उचलणारी ‘सीसीडी’ ही चकती १९६९ सालीं अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं कल्पिली. त्याबद्दल २००९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें त्या तत्त्वावर कॅमेरा उभा केला. त्याचें चित्र केवळ १०० गुणिले १०० बिंदूंचें, आणि तें फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. परंतु माझ्या नातवास अधिक आवडली ती हौशी लोकांची गोष्ट. त्याच वर्षीं, फेब्रुवारींत, ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकांत टेरी वॉकर, रॉजर मेलेन आणि हॅरी गार्लंड यांनीं घरीं करावयाच्या कॅमेऱ्याची कृति छापली. त्याचें नांव ‘सायक्लॉप्स’, म्हणजे ग्रीक पुराणांतला एकाक्ष राक्षस. त्यांत डोळा म्हणून संगणकाच्या स्मृतीची एक चकती वापरली होती! तशा चकतींत विद्युद्भार हळूहळू गळत असतो. उजेड पडला कीं तो अधिक वेगानें गळतो. कोणत्या घरांतला भार लवकर गेला तें वाचीत गेलें कीं चित्र तयार. ३२ ओळी, दर ओळींत ३२ बिंदू, सारे मिळून १,०२४. हा कॅमेरा पुढें त्यांनीं अल्टेअर या हौशी लोकांच्या संगणकास जोडला. निरुपयोगी वाटणाऱ्या दोषांतून उपयोग काढणें हीच हौशी माणसाची खरी विद्या, असें मीं त्या दिवशीं नातवाला सांगितलें.

आतां अठरा टोकांचा हिशेब. दोन वीज देण्याचीं. दोन आज्ञा देण्याचीं व उत्तर घेण्याचीं. एक आपण ताल द्यावयाचें, आणि एक डोळ्यानें आपल्याला ताल द्यावयाचें. एक ‘नवें चित्र सुरू झालें’ म्हणून सांगणारें, दुसरें ‘ओळ चालू आहे’ म्हणून सांगणारें. आठ टोकांवरून प्रत्यक्ष चित्राचे अंक येतात. उरलेलीं दोन डोळा पुसून जागा करण्याचीं व निजविण्याचीं. एकूण अठरा.

हा डोळा आम्हीं ‘आर्डुइनो उनो’ नांवाच्या पाटीला जोडला, आणि ती पाटी संगणकाला. येथें पहिला धोका आहे, तो करूं इच्छिणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावा. उनो ५ व्होल्टांवर चालते, डोळा ३.३ व्होल्टांचा. थोरल्यानें धाकट्याशीं बोलतांना आवाज खालीं आणावा, तसें येथें करावें लागतें. वीज ३.३ च्या टोंकावरूनच द्यावी. तालाची तार दोन रोधांमधून न्यावी. १ व २ या प्रमाणाचे रोध घेतले कीं ५ चे दोन-तृतीयांश, म्हणजे ३.३३ व्होल्ट पलीकडे जातात. आज्ञेच्या दोन्ही तारा प्रत्येकीं ४.७ किलोओहमच्या रोधानें ३.३ व्होल्टांस बांधाव्या. ५ व्होल्टांस बांधूं नयेत. या कामीं आळस केला तर डोळा उघडण्यापूर्वींच मिटतो.

दुसरी अडचण स्मृतीची. आम्हीं रंग सोडून केवळ उजेड-छायेचें चित्र घ्यावयाचें ठरविलें, आणि तेंहि लहान, ३२० गुणिले २४० बिंदूंचें. तरी अंक झाले ७६,८००. आणि उनोची स्मृति किती? २,०४८ अंकांची! सदतीसपट मोठें चित्र तिच्या ओटींत मावणार कसें? तेव्हां एक ओळ घ्यावयाची, संगणकाकडे धाडावयाची, मग पुढली ओळ. डोळ्याचा वेगहि त्या बेतानें मंद ठेवावयाचा. संगणकाकडे अंक नेण्याचा नेहमींचा वेग सेकंदास १,१५,२०० स्पंदांचा. एका अंकास दहा स्पंद लागतात, म्हणजे एका चित्रास साडेसहा सेकंदांहून अधिक. दहा लाखांचा वेग ठेविला तर पाऊण सेकंदांत काम होतें. हीं गणितें नातवानें पाटीवर स्वतः केलीं. शाळेच्या पुस्तकांत हींच गणितें हौदाच्या नळांचीं असतात, आणि मुलांना कंटाळा येतो!

येथें मला माझ्या न्यायशास्त्राच्या पाठाची आठवण झाली. इंद्रिय आणि विषय यांची गांठ पडली तरी तेवढ्यानें ज्ञान होत नाहीं. मनाचा त्या इंद्रियाशीं संयोग व्हावा लागतो. आणि नैयायिक मन अणुएवढें मानतात. एका क्षणीं त्याला एकच ज्ञान घेतां येतें. शेकडो वेळां मीं हें मुलांना सांगितलें असेल. परंतु तीन लाख बिंदूंचा डोळा समोर उघडा, आणि पलीकडचें मन एका वेळीं एक ओळ उचलणारें, हें हातांनीं जोडून पाहीपर्यंत तें मला नीट कळलें नव्हतें, हें कबूल करितों.

पहिल्या दिवशीं डोळ्याला नांव विचारावयाचें होतें. षोडशमान पद्धतीनें २१ हा त्याचा पत्ता. त्या पत्त्यावर ‘०ए’ क्रमांकाच्या खणांत काय आहे असें विचारलें तर ७६ असें उत्तर यावें, आणि ‘०बी’ मध्यें ७३. तीन संध्याकाळीं कांहीं उत्तर आलें नाहीं. चौथ्या दिवशीं एक रोध भलत्याच भोंकांत खोंचलेला सांपडला. तो जागेवर बसविला, आणि पडद्यावर ७६ आले. मुलगा असा ओरडला कीं स्वयंपाकघरांतून सूनबाई धांवत आल्या. मुका माणूस बोलल्याचा आनंद काय असतो तो मीं त्या दिवशीं पाहिला.

त्यानंतर चित्राचा प्रयत्न. प्रथम नुसता करड्या ठिपक्यांचा पाऊस. तारा वीतभर लांब होत्या. त्या आंखूड करून तालाची तार इतरांपासून दूर ठेविली, तेव्हां पाऊस थांबला. मग नातवानें आजीला खिडकीशीं खुर्चीवर बसविलें, क्षणभर हलूं नको म्हणून बजावलें, आणि चित्र घेतलें.

चित्र आलें, पण कसें? खिडकीचा उभा गज पंचेचाळीस अंशांत कललेला. आजीचें डोकें एकीकडे, पदर भलतीकडे, आणि खुर्चीचा जो भाग एका कडेनें बाहेर गेला तो दुसऱ्या कडेनें पुन्हां आंत आलेला! घरांत हंशा पिकला. नातवाचा चेहरा मात्र उतरला. “डोळाच बिघडलेला आला, आजोबा. पैसे फुकट गेले.” त्याचे वडील कांहीं बोलले नाहींत, पण घड्याळाकडे पाहिलें. मलाहि उपाय सुचेना.

आजी खुर्चीवरून उठली, पडद्याजवळ आली, आणि चित्र बराच वेळ न्याहाळून म्हणाली, “अरे, हें बिघडलेलें नाहीं. ओळीमागें तुझा एक टांका सुटतो आहे.”

आम्हांस कांहीं बोध होईना. तेव्हां तिनें समजावून सांगितलें. लोकरीचें काम विणतांना दर ओळीच्या टोंकाशीं एक टांका विणावयाचा राहिला, तर वीण ठिकठिकाणीं फाटत नाहीं. सारी कड एका रेषेंत तिरपी होत जाते. चूक एकाच ओळींत असती तर चित्र तेथेंच तुटलें असतें. हें वरपासून खालपर्यंत सारख्या प्रमाणांत कललें आहे. म्हणजे दर ओळींत तीच चूक, आणि एकेकाचीच.

पन्नास वर्षें विणकाम केलेल्या बाईचें हें अनुमान. कोणा तार्किकानेंहि मान तुकवावी! तें ताडून पाहण्याची सोयहि डोळ्यांतच होती. या डोळ्याला एक आज्ञा अशी देतां येते कीं, समोरचें कांहीं न पाहतां त्यानें ठराविक उभे पट्टे काढून दाखवावे. आमच्या चित्रांत रंग नसल्यानें ते पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत उतरत्या छटांचे दिसावयाचे. पट्टे सरळ आले तर मोजणी निर्दोष. तिरपे आले तर चूक मोजण्यांत. आज्ञा दिली. पट्टेहि तिरपे!

मग नातू आपला लेख ओळीनें तपासूं लागला, आणि अर्ध्या तासांत चोर सांपडला. ओळींतले बिंदू शून्यापासून ३१९ पर्यंत मोजावयाचे. तेव्हां ते ३२० भरतात. यानें एकापासून ३१९ पर्यंत मोजले. उनो दर ओळीस ३१९ अंक धाडी, संगणक ३२० ची ओळ मांडी, आणि उणा पडलेला एक पुढच्या ओळींतून उसना घेई. शून्याचा महिमा वर्गांत मोठ्या अभिमानानें सांगणाऱ्या मास्तरालाहि शून्य मोजणींत धरावयाचें सुचलें नव्हतें, ही गोष्ट निराळी. एक अंक बदलला. आजीला पुन्हां बसविलें. या खेपेस गज उभा, पदर खांद्यावर, आणि कपाळावरचें कुंकू काळ्या ठिपक्यासारखें स्पष्ट. तें चित्र छापून आम्हीं देवघराबाहेर लाविलें आहे.

येथें ही गोष्ट संपली असती तर बरें झालें असतें. परंतु दुसऱ्याच दिवशीं मुलानें मूळचा प्रश्न पुन्हां काढला. “आतां जोडतां आलें. मग आजीला कां नाहीं जोडावयाचें?”

मुलाला खोटी आशा लावणें मला बरें वाटलें नाहीं. आजीच्या पुढच्या तपासणीला मीं त्याला बरोबर नेलें, आणि त्यानें स्वतःच नेत्रवैद्यांना विचारलें. त्यांनीं हंसण्यावारी नेलें नाहीं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें. ते म्हणाले, “डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर प्रकाश ओळखणाऱ्या सुमारें बारा कोटी पेशी आहेत, शिवाय रंग ओळखणाऱ्या साठ लाखांच्या आसपास. त्यांचें सारें सांगणें मेंदूकडे नेणारी एकच दृष्टिरज्जू, आणि तिच्यांत दहा-बारा लाख तंतु. काचबिंदूंत पडदा पुष्कळदां शाबूत असतो. मरतात ते हे तंतु.”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे डोळा चांगला आहे. तारा तुटल्या आहेत.”

“होय. आणि त्या पुन्हां जोडण्याची विद्या आजमितीस आमच्यापाशीं नाहीं.” कृत्रिम दृष्टीचे प्रयत्न झाले आहेत, तेहि त्यांनीं सांगितले. ६० विद्युदग्रांची पट्टी डोळ्याच्या पडद्यावर बसवून कॅमेऱ्याचें चित्र तिच्यावर पोंचविण्याच्या एका यंत्रास अमेरिकेंत २०१३ सालीं मान्यता मिळाली होती. पुढें कांहीं वर्षांत तें करणें थांबलें. तेंहि पडद्याचा विकार असलेल्यांसाठीं होतें; मागची रज्जू धड असेल तरच त्याचा उपयोग. आमच्या आजीचें दुखणें रज्जूचेंच.

वाटेंत मुलगा माझ्याशीं बोलला नाहीं. मीहि बोललों नाहीं. सांत्वनाचे श्लोक मला पुष्कळ पाठ आहेत, पण त्या वेळीं एकहि ओठांवर आला नाहीं. घरीं आल्यावर त्यानें कोनाड्यांतली औषधाची कुपी घेतली, पंचांगाशेजारीं भिंतीला एक कागद लाविला, त्यावर महिन्याचे चौकोन आंखले, आणि म्हणाला, “आजीचे थेंब आजपासून मी घालीन. एकहि टांका सुटूं द्यावयाचा नाहीं.” आज चौथा कागद चालू आहे. एकहि चौकोन रिकामा नाहीं.

आतां ती सूचना. काचबिंदू हा लपून येणारा चोर आहे. त्याचा जो प्रकार अधिक आढळतो त्यांत डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं. कडेची दृष्टि आधीं जाते आणि समोरची पुष्कळ दिवस टिकते. म्हणून वाचणें, विणणें, निवडणें यथास्थित चालतें आणि कोणास संशय येत नाहीं. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असें होत नाहीं. नेत्रदाब मोजावा लागतो. तोहि पुरेसा नाहीं, कारण दाब बेताचा असूनहि हा रोग होतो. रज्जूचें मुख पाहावें लागतें, आणि जरूर तर दृष्टीचें क्षेत्र मोजावें लागतें. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें हें करावें. आणि ज्यांच्या आईबापांस अथवा भावाबहिणींस हा विकार आहे त्यांनीं तर टाळूंच नये, कारण तो घराण्यांत उतरण्याचा संभव अधिक. वेळेवर कळला तर औषधानें, लेझरनें अथवा शस्त्रक्रियेनें दाब उतरवून उरलेली दृष्टि बहुधा राखतां येते.

हें कळल्यावर आमच्या घरीं पहिला नंबर कोणाचा लागावयास हवा होता? अर्थात् मुलाच्या वडिलांचा. त्यांचें वय बेचाळीस, आणि आई रोगी. ते मात्र ‘दिवाळीनंतर पाहूं’ म्हणत होते. त्यांना मीं सांगितलें, पत्नीनें सांगितलें, उपयोग झाला नाहीं. शेवटीं नातू एवढेंच म्हणाला, “बाबा, आजीला समई दिसली नाहीं, तेव्हां आपल्याला कळलें. तुम्ही कशाची वाट पाहतां?” ते दुसऱ्या दिवशीं गेले. रोग आहे असें अजून म्हणतां येत नाहीं, परंतु रज्जू संशयास्पद आहे. दर सहा महिन्यांनीं दाखवावयाचें ठरलें आहे. परत आल्यावर त्यांनीं तो अठरा टोकांचा डोळा हातांत घेऊन बराच वेळ पाहिला, आणि विचारलें, “यांतली तालाची तार कोणती?” तेव्हांपासून संध्याकाळच्या तासाला आम्ही तिघे बसतों.

वाचकहो, आपल्या घरांतहि देवघराशीं बसणारी, विणणारी, निवडणारी कोणी वडील स्त्री असेल. तिला समोर बसवा, दुसरा डोळा हातानें झांकावयास सांगा, आणि कडेची वस्तु दिसते का तें विचारा. नीट दिसली तरी तेवढ्यावर विसंबूं नका. या महिन्यांतच नेत्रवैद्यांकडे न्या, आणि स्वतःहि शेजारच्या खुर्चीवर बसा.